दोन दांड्या, एक मेहुणा

माणसाला हात दोन आणि गिटारला दांडी एक, ही व्यवस्था जगातल्या बहुतेकांना मान्य आहे. ज्यांना ती मान्य नाही त्यांच्यापैकी एक माझ्या बायकोचा भाऊ आहे आणि तो सोलापुरात, साखर पेठेत राहतो. एकाच धडावर वर चार तारांचा बास, खाली सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार, आणि हे सगळं स्वतःच्या हातानं बनवायचं, असं त्यानं ठरवलं. ठरवलं म्हणजे जाहीर केलं. सोलापुरात ठरवणं आणि जाहीर करणं यांत फारसं अंतर नसतं. चहाच्या टपरीपर्यंत जाईस्तोवर ते संपतं.

अशी वाद्यं आधी झाली नाहीत असं नाही. अमेरिकेच्या गिब्सन कंपनीनं १९५८ पासून दोन दांड्यांची गिटार मागणीप्रमाणे बनवून द्यायला सुरुवात केली. लेड झेपेलिनच्या जिमी पेजनं ‘स्टेअरवे टू हेवन’ मंचावर वाजवता यावं म्हणून तसलीच एक घेतली, कारण त्या एका गाण्यात बारा तारांचीही गिटार लागते आणि सहा तारांचीही. रश बँडचा गेडी ली रिकनबॅकर कंपनीचं गिटार आणि बास एकत्र असलेलं वाद्य गळ्यात घालून उभा राहायचा. जॉन मॅक्लॉक्लिन महाविष्णू ऑर्केस्ट्रात दोन दांड्यांची गिटार वाजवत. आपल्याकडचं उदाहरण हवं तर व्हायोलिनवादक एल. शंकर यांनी १९८०च्या सुमारास दहा तारांचं जोड व्हायोलिन करवून घेतलं. डबल बासच्या खर्जापासून व्हायोलिनच्या टिपेपर्यंत सगळं त्यात बसतं. ही सगळी यादी मेहुण्यानं मला तोंडपाठ म्हणून दाखवली. या मंडळींना आधी एक दांडी उत्तम वाजवता येत होती, एवढा तपशील त्यानं गाळला.

त्याला किती येतं? तीन कॉर्ड पक्के येतात. चौथा पाहुणे नसतील तेव्हा येतो.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी जो प्रश्न विचारला त्याचं पटेल असं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. “जावईबापू, एका वेळी वाजणार किती?”

“एकच, आई.”

“मग दुसरी काय करणार?”

“थांबणार.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. चार जावांच्या एकत्र कुटुंबात त्यांनी उमेदीची वर्षं काढलेली आहेत. एकीनं राबायचं आणि दुसरीनं शेजारी नुसतं उभं राहायचं, यात त्यांना नवं असं काही दिसलं नसावं.

आगीत तेल ओतलं ते ब्रायन मेनं. हा ‘क्वीन’ बँडचा गिटारवादक. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फरोख बलसारा; ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड त्यानं शाळेत असतानाच काढला. तेव्हा क्वीनशी आपलं सातारा जिल्ह्यामार्फत नातं लागतं, असं मेहुण्याचं म्हणणं आहे. तर १९६३ साली, सोळा वर्षांचा असताना, दुकानातली गिटार परवडत नाही म्हणून ब्रायननं वडिलांच्या मदतीनं घरीच गिटार करायला घेतली. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड. त्यातली किड्यांनी पाडलेली भोकं काडेपेटीच्या काड्या घालून बुजवली. स्प्रिंगा १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलच्या. सूर हलवायच्या दांड्याच्या टोकाला आईची विणकामाची सुई. पडद्यांमधल्या पांढऱ्या खुणा म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. दोनेक वर्षं लागली, खर्च आठेक पौंड आला आणि तेव्हापासून तो तीच गिटार वाजवत आला आहे. २००२ साली इंग्लंडच्या राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून त्यानं राष्ट्रगीत वाजवलं, तेही याच काडेपेटीच्या काड्या भरलेल्या गिटारवर.

यातून एखादा शहाणा माणूस जिद्द, चिकाटी, पितृप्रेम असा काहीतरी बोध घेईल. मेहुण्यानं बोध घेतला तो असा, की घरातली कुठलीही वस्तू गिटारला लागू शकते. त्या दिवसापासून सासूबाईंच्या लोकरीच्या सुया देवघरातल्या कपाटात कुलपाखाली गेल्या. मिक्सरचं बटण गेलं, ते आता आवाज कमी-जास्त करायला आहे. मिक्सर पक्कडीनं चालू करतात. मला एका संध्याकाळी फोन आला.

“दाजी, तुमची चेतक चालू आहे का?”

“नाही रे, वर्ष झालं बंद आहे.”

“बरं झालं.”

पुढचं काही न बोलता त्यानं फोन ठेवला. चेतक अजून जिन्याखाली उभी आहे, पण ती आता मला पूर्वीसारखी तोलून उभी वाटत नाही.

लाकडाचं मात्र नशिबानं जमलं. शहराच्या पूर्व भागात, तेलंगणातून पिढ्यांमागं आलेल्या विणकरांच्या घरांत, हातमाग जाऊन पॉवरलूम आले आणि कित्येक घरांत पॉवरलूमही जाऊन आता नुसती खोली उरली आहे. अशाच एका ओळखीच्या मामांच्या माळ्यावर आजोबांच्या मागाचं सागवान पडून होतं. मामांनी ते फुकट दिलं. अट एकच घातली, की कापताना मला बोलवायचं नाही. सुतारानं लाकडावर नखानं टकटक केलं, कान लावला आणि विचारलं, “पलंग?” मेहुण्यानं वहीतलं चित्र दाखवलं. सुतारानं वही उभी धरून पाहिली, आडवी धरून पाहिली. मग म्हणाला, “पलंगच कर बे. उरलेल्यात पाट होतील दोन.”

सागवानाला अंगचं तेल असतं, त्यामुळं त्याच्यावर फेविकॉल सहजी धरत नाही. चिकटवायच्या आधी तो भाग थिनरनं पुसून घ्यावा लागतो. मे महिन्यातल्या सोलापुरात, पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना, बंद खोलीत थिनरचा वास घेत बसलेला माणूस संगीताविषयी फार उदात्त बोलू लागतो हे मी स्वतः पाहिलं. रंधा-कानसकाम स्वयंपाकघराला लागून असलेल्या बोळात चाललं होतं. सागाचा भुसा आणि शेंगाची चटणी यांचा रंग इतका जवळचा आहे, की त्या काळात घरात चटणीला कुणी हात लावत नसे. एका पाहुण्यांनी लावला. चांगली झालीय म्हणाले, जरा तिखट कमी आहे.

आता पडद्यांचं गणित. गिटारच्या दांडीवर जे धातूचे पडदे ठोकतात त्यांच्या जागा अंदाजानं ठरत नाहीत. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तारेची जी मोकळी लांबी, तिला १७.८१७नं भागायचं; वरच्या पट्टीपासून येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं, दुसरा पडदा. बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर पडला पाहिजे, तिथं सूर वरच्या सप्तकातला होतो. गिटारची तार ६४८ मिलीमीटर, म्हणून तिचा पहिला पडदा ३६.४ वर. बासची तार ८६४, तिचा पहिला पडदा ४८.५ वर. गिटारचे बावीस आणि बासचे वीस, मिळून बेचाळीस पडदे, आणि एकही अर्धा मिलीमीटर सरकून चालत नाही. पूर्वी हे काम १८नं भागून भागवत. सोळाव्या शतकात हा अठराचा हिशेब मांडून ठेवणारे विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट वाजवत. दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे ते वडील. अठरानं भागलं तर गिटारच्या बाराव्या पडद्यापर्यंत दोन मिलीमीटरहून जास्त फरक पडतो. मेहुण्यानं हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी त्यातलं एवढंच लक्षात ठेवलं, की त्या माणसाचा मुलगा पुढं नाव काढता झाला.

या आकडेमोडीनं घाबरून तो मिरजेला गेला. मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी तलवारींचं काम कमी झाल्यावर तंबोऱ्यांकडं वळली आणि फरीदसाहेबांपासून पुढं पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे बनवत राहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सोलापूरकरांनी या बातमीत छाती थोडी फुगवायला हरकत नाही, कारण त्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्या मंगळवेढ्याच्या बाजूनं जातात. आपण ज्वारी पिकवतो, भोपळे पिकवतो आणि नाव मिरजेचं होतं. पण असो, चादरीला आपल्यालाही मानांकन आहे.

एसटीनं जाताना मेहुण्यानं दोन्ही दांड्या चादरीत गुंडाळून मांडीवर आडव्या घेतल्या होत्या. बासची दांडी खिडकीबाहेर जात होती. कंडक्टरनं तिकिटाचं यंत्र खाली ठेवून विचारलं, “पेशंट आहे का कुणी?” मिरजेत एका वयस्कर कारागिरानं चष्मा कपाळावर सारून दांड्या पाहिल्या, अंगठा फिरवला, सागवान चांगलं आहे म्हणाला. मग विचारलं, “पडदे बांधणार कशानं?”

“बांधणार नाही चाचा, ठोकणार.”

“ठोकणार?” सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात; सूर हलला तर पडदा सरकवायचा. “आमच्यात चुकलं तर सरकवतात. तुमच्यात चुकलं तर?”

“नवी दांडी.”

चाचांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वहीतलं चित्र बराच वेळ बघितलं. “बीन माहिती आहे? रुद्रवीणा? तिला एका दांडीला दोन भोपळे असतात. तू एका भोपळ्याला दोन दांड्या लावायलास.” मग चहा मागवला. चहा झाल्यावर, या पोराचं वाटोळं निदान नीट मापात व्हावं म्हणून असेल, त्यांनी पातळ पात्याची करवत कशी धरायची, लाकडाचा रेषा कुठल्या बाजूला वळतो आहे ते कसं ओळखायचं आणि खाच किती खोल घ्यायची हे पदरचा वेळ मोडून शिकवलं. पैसे घेतले नाहीत. “झालं की दाखवायला आण,” म्हणाले. “सोबत वाजवणारा पण आण.”

त्यानंतर प्रश्न आला ताणाचा. गिटारच्या सहा तारा मिळून दांडीला पंचेचाळीस-पन्नास किलोनं ओढतात. बासच्या चार जाड तारा एकट्या सत्तर किलोच्या पुढं जातात. म्हणजे त्या धडावर दिवसरात्र सव्वाशे किलोच्या आसपास ओढ. लाकूड वाकू नये म्हणून दांडीच्या पोटात लोखंडी सळई घालतात. ही युक्ती गिब्सनच्या कारखान्यातली, १९२३ साली तिचं पेटंट निघालं. आता ताण हा विषय सोलापूरला शिकवायला कुणी यावं? इथं पोरं ताणा म्हणजे काय हे शाळेत जायच्या आधी शिकतात. चादरीच्या मागावर हजारो उभे धागे एकसारखे ओढून धरलेले असतात आणि त्यातला एक सैल पडला तर विणकराला तो अंधारातही हाताला लागतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवाल्याकडं मेहुणा सळईचं माप घेऊन गेला.

“कुठल्या लूमचा पार्ट हा?”

“लूमचा नाही. गिटारचा.”

“आरपीएम किती?”

आरपीएम शून्य आहे हे ऐकल्यावर त्याचा कामावरचा विश्वास जरा उडाला, पण सळई केली ती इतकी मजबूत, की दांडी एक वेळ मोडेल, सळई वाकणार नाही. दोन्ही घोड्याही त्यानंच करून दिल्या. बिलावर ‘लूम पार्ट, नग ४’ असं लिहिलं. गिटारसाठी त्याच्या बिलबुकात रकाना नव्हता.

या सगळ्या उद्योगात मला मनापासून आवडलेला भाग म्हणजे पिकअपचा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेखाली लोहचुंबक असतं आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज निर्माण होते आणि ती ॲम्प्लिफायरकडं जाते. तांब्याची तार बेचाळीस गेजची, जाडी ०.०६३ मिलीमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या बरोबरीची. एका पिकअपला आठ हजारांच्या आसपास वेढे. शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटारी भरणाऱ्या वायंडिंगवाल्याकडं तो आधी गेला. वायंडिंगवाल्यानं तार बोटाच्या चिमटीत धरली, ती तुटली. परत धरली, परत तुटली. “हे मोटारीचं काम नाही,” त्यानं निकाल दिला, “हे बायकांचं काम आहे.”

त्याचा हेतू काही असो, बोलला ते खरं होतं. गल्लीत एक अक्का राहतात. उभा जन्म त्यांनी कांड्या भरण्यात घालवला. पॉवरलूमच्या धोट्यात जी कांडी बसते तिच्यावर सूत भरायचं, एका लयीत, सैल नाही, घट्ट नाही, आणि तुटलं तर चाक न थांबवल्यासारखं करून गाठ मारायची. मेहुण्यानं लोहचुंबक आणि तारेचं रीळ त्यांच्यापुढं ठेवलं. अक्कांनी चष्मा लावला, तार उजेडात धरली आणि तेलुगू, कन्नड आणि मराठी या तिन्ही भाषांत मिळून एक वाक्य बोलल्या. त्याचा आशय, इतकं वाईट सूत आपण बघितलं नाही, असा होता. मग बसल्या. हात चाकावर, नजर टीव्हीवरच्या मालिकेत. वेढे मोजायला मेहुण्यानं सायकलचा मीटर जोडला होता, त्याच्याकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मालिका संपली तेव्हा कांडी भरली होती. मीटर बघितला, आठ हजारांना थोडे कमी. चारही पिकअप त्यांनी भरले, तार एकदाही न तोडता. पैसे कांडीच्या दरानं घेतले, वर एक प्रश्न विचारला: “याचं कापड कधी निघणार?”

पहिल्यांदा जोडणी करून आवाज सुरू केला तेव्हा गिटारच्या आधी वीज वाजली. आपल्या देशात वीज सेकंदाला पन्नास फेरे मारते आणि घरातल्या वायरिंगमधला तो गुणगुणाट उघड्या पिकअपला बरोबर ऐकू येतो. बासच्या खालच्या तारेवर तिसरा पडदा दाबला की ४९ हर्ट्झचा सूर निघतो; वीज त्याच्यापेक्षा किंचित चढी. म्हणजे साखर पेठेत अखंड एक तंबोरा चालू आहे आणि तो थोडा बेसूर आहे, हे या प्रयोगातून सिद्ध झालं. या गुणगुणाटावर गिब्सनच्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरनं १९५५ साली उपाय काढला, दोन वेटोळी उलटसुलट जोडून. आमच्याकडं उपाय काढला बँजोवाल्या काकांनी.

बँजो म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर वाजतो तो. पाश्चात्यांच्या बँजोशी त्याचा नावापुरता संबंध. त्याचं मूळ आहे जपानमध्ये, नागोयाच्या गोरो मोरितानं १९१२ साली काढलेल्या ताइशोगोतो नावाच्या वाद्यात. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि तारा छेडायच्या. ते आपल्याकडं बुलबुल तरंग झालं, मग त्याला पिकअप लागला, कर्णे लागले आणि ते थेट बाप्पांच्या पुढं जाऊन बसलं. सोलापुरात इलेक्ट्रिक तंतुवाद्य कुणी आणलं, असा वाद निघाला तर मी गिटारवाल्यांच्या बाजूनं साक्ष देणार नाही. बँजोवाल्यांनी जनरेटरवर, पावसात, गुलालात, लेझीमच्या दणक्यात जो आवाज जिवंत ठेवला त्यापुढं आमच्या मेहुण्याच्या अडचणी म्हणजे हळदीकुंकवाच्या अडचणी. काकांनी तोंडातली सुपारी गालात सरकवली, धड उलटं केलं, आतल्या तारा पाहिल्या. “घोडीला अर्थिंग दे. आतून तांब्याचा पत्रा लाव. शहाणपण कमी कर.” पहिल्या दोन गोष्टी केल्यावर आवाज साफ झाला.

काकांनी जाता जाता एक शंकाही मांडली. “एका बँजोत मी आरतीपासून झिंगाटपर्यंत सगळं वाजवतो. तुला दोन कशाला लागतात बे?”

रंग रिक्षा रंगवणाऱ्याकडून मारून घेतला. यात कमीपणा काही नाही. फेंडर कंपनीचे गाजलेले रंगसुद्धा ड्यूपाँटच्या मोटारींच्या रंगांतून घेतलेले आहेत. पेंटरनं निळा रंग इतका तुकतुकीत मारला, की त्यात भांग पाडता यावा. मागच्या बाजूला त्यानं सवयीनं ‘आईचा आशीर्वाद’ असं लिहिलं, खाली दोन मोर काढले आणि नंबर कुठं टाकायचा म्हणून विचारायला घरी आला. सासूबाई ते अक्षर बघून हरखल्या. त्या वाद्याविषयी त्यांनी काढलेला पहिला चांगला शब्द तोच.

पूर्ण झाल्यावर वजन सात किलोच्या पुढं गेलं. सागवान, चार लूम पार्ट, तांब्याचा पत्रा आणि दहा खुंट्या. पट्टा चादरीच्या कापडाचा दुहेरी शिवून घेतला, कारण बाजारातले पट्टे हे ओझं बघून माघार घेत होते. पण गळ्यात अडकवलं की दोन्ही दांड्या जमिनीकडं झेपावत आणि पाठोपाठ मेहुणा. त्यावर उपाय सुचवला तो गल्लीतल्या एका आजोबांनी. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेला एकेक भक्त तो उंच ध्वज कमरेच्या पट्ट्यात पेलून चालतो आणि त्यासाठी यात्रेआधी सराव चालतो. आजोबांनी तरुणपणी हे केलेलं. “खांद्यावर घेशील तर मान जाईल,” ते म्हणाले. “वजन कमरेवर घ्यायचं. गुडघे सैल. आणि वर बघायचं नाही, समोर बघायचं.” जिमी पेजला हा सल्ला कुणी दिला असता तर त्याची पाठ आज वेगळी असती. मेहुणा सकाळी गच्चीवर ते वाद्य घेऊन नुसता चालायचा सराव करू लागला. वाजवण्याचा सराव त्यामुळं मागं पडला.

अखेर एका रविवारी, पाणी येण्याचा दिवस नाही असं बघून, घरच्यांसमोर कार्यक्रम झाला. मामा आले, अक्का आल्या, लेथवाला, पेंटर, बँजोवाले काका, सगळे. मेहुण्यानं खालची दांडी छेडली. आवाज वरच्या दांडीतून आला. निवडीच्या बटणाच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. काकांनी डाग देऊन त्या बदलून दिल्या. मग खालची वाजू लागली तशी वरचीही आपोआप थरथरू लागली, सतारीच्या तरफांसारखी, कारण एकाच लाकडात दोन्हींची मुळं. घरात हा बिघाड ठरला. मिरजेचे चाचा असते तर त्यांनी मान डोलावली असती. मेहुण्यानं तीन कॉर्ड वाजवले. पाहुणे असल्यामुळं चौथा आला नाही. अक्कांनी डोळे मिटून ऐकलं. मामांनी निळ्या रंगाखालच्या लाकडावरून एकदा हात फिरवला, ‘आईचा आशीर्वाद’ वाचलं आणि विचारलं, “आजोबांचं नाव कुठंय?” पेंटरनं लगेच खिशातून ब्रश काढला.

माझं मत विचाराल तर दोन दांड्यांची गिटार ही वाजवण्याची वस्तू नाही, बनवण्याची वस्तू आहे. वाजवायला दोन साधी वाद्यं आणि एक मित्र पुरतो, आणि तो येताना स्वतःचं वजन स्वतः उचलून आणतो. बनवायला मात्र सुतार लागतो, लेथवाला लागतो, कांड्या भरणाऱ्या अक्का लागतात, मिरजेचे चाचा लागतात, आणि हे सगळे लोक मेहुण्याला आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन भेटायला येऊ लागले. सासूबाई म्हणतात की याच्या लग्नाला इतका खटाटोप केला असता तर सून आली असती. मला ते पटतं. पण सून आली असती तर तिनं दुसरी दांडी कशाला म्हणून विचारलं असतंच.

वाचकांना एकच विनंती आहे. अमेरिकेत चीप ट्रिक नावाच्या बँडचा रिक नील्सन पाच दांड्यांची गिटार गळ्यात घालून वाजवतो. ही माहिती मी घरात कुणालाही सांगितलेली नाही. साखर पेठेकडं गेलात आणि गच्चीवर गुडघे सैल सोडून समोर बघत चालणारा कुणी तरुण दिसला, तर तुम्हीही सांगू नका. जिन्याखाली अजून चेतक आहे.